उपास सोडणं आणि उपास मोडणं

वाचक भगिनीचं पत्र :

"माहेरी पुनरुत्थानाच्या सणाआधीचे (ईस्टरआधीचे) चाळीस दिवस उपास पाळायचे. लग्नानंतर मी ज्या मंडळीत आले तिथे तो पाळत नाहीत. 'तारण कृपेनं मिळतं, पोट मारून नाही,' असं सासूबाई म्हणतात. तरी मी पाळते. यंदा त्याच दिवसांत एका शुक्रवारी धाकट्या दिराचं लग्न ठरल्याचं जेवण होतं. मी रिकामं ताट पुढे घेऊन बसले. कुणी काही बोललं नाही, पण सासूबाई आत जाऊन रडल्या हे नंतर कळलं. सणाच्या दिवशी मात्र पोटभर जेवले आणि वाटलं, उपास मोडला, चाळीस दिवस कमावलेलं एका दुपारी घालवलं. संध्याकाळी एकटीच रडत बसले. ख्रिस्ती माणसानं नक्की काय करायचं असतं? उपास खरा की मेजवानी?

जाता जाता : माझी पंधरा वर्षांची मुलगीही यंदा माझ्याबरोबर उपास करत होती. सण झाला तरी तिचा सुरूच आहे. वजन उतरलं म्हणून ती खूश आहे. आधी मला कौतुक वाटलं होतं, आता धास्ती वाटते."

ताई,

तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. बाकीचे प्रश्न पुढच्या वर्षीपर्यंत थांबू शकतात, लेकीचा थांबू शकत नाही.

सण होऊन गेला तरी जो सुरू आहे आणि ज्याचा आनंद वजनकाट्यावर मोजला जातो आहे, त्याला उपास म्हणू नका. घरातही तो शब्द वापरू नका, कारण त्या शब्दाआड तिला लपायला जागा मिळते. या वयात अन्न टाळण्याचा आजार अशाच एखाद्या चांगल्या निमित्तानं पाय रोवतो, आणि आजूबाजूची माणसं कौतुक करत असतात म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. ती सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं टाळते का, 'मी मघाशीच खाल्लं' असं वरचेवर सांगते का, तिला सारखी थंडी वाजते का, चक्कर येते का, पाळी चुकली आहे का, हे बघा. यातलं काही दिसलं तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. काही दिसलं नाही तरी न्या. हा तिच्या स्वभावाचा किंवा श्रद्धेचा दोष नाही. आजार असेल तर त्यावर उपचार आहेत, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. तिला वचनं ऐकवू नका. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे हे खरंच आहे, पण आत्ता तिला ते आणखी एक ओझं वाटेल.

कॅथलिक चर्चची 1983 ची धर्मसंहिता पाहिली तर उपासाचं बंधन वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं आणि साठावं वर्ष लागलं की सुटतं. आजारी माणसाला तर ते नसतंच. ज्यांना वयामुळे बंधन नाही अशा मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवावा, असं त्या संहितेनं धर्मगुरूंना आणि आईवडिलांना सांगितलं आहे. तुमच्या मंडळीला ती संहिता लागू नाही हे मला माहीत आहे. मी ती सांगते आहे ती एवढ्यासाठी की जिथे उपासाचे नियम काटेकोर आहेत तिथे चौदा वर्षांनंतर काही दिवस मांस वर्ज्य असलं, तरी वाढत्या वयाच्या मुलामुलींना उपाशी राहायला सांगितलेलं नाही.

माझं एक मागणं आहे. लेक सावरेपर्यंत तुम्ही स्वतः कसलाही उपास धरू नका. रोज तिच्या शेजारी बसून जेवा, मुकाट्यानं, तिच्या ताटाकडे सारखं न बघता. देवासाठी काही सोडायचं असेल तर तुमचा तो नेम सोडा. तुम्हाला तो किती प्रिय आहे हे पत्रावरून दिसतंच, म्हणून हे सोडणं लहान नाही.

आता तुमचं.

तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबले. एक 'मोडला' आणि दुसरा 'कमावलेलं'.

उपास सोडणं वेगळं आणि उपास मोडणं वेगळं, हा फरक आपल्या भाषेनं फार नेमका जपला आहे. ठरलेली वेळ आली, ज्याच्यासाठी थांबलो तो आला, की उपास सुटतो. वेळेआधी मन घसरलं तर तो मोडतो. सणाच्या दिवशी तुमचा उपास मोडला नाही ताई, सुटला. चाळीस दिवस ज्या दिवसाकडे तुम्ही चालत होतात, त्या दिवशी तुम्ही पोचलात. मुक्कामाला पोचलेल्या माणसाचा प्रवास मोडला असं कुणी म्हणत नाही.

'कमावलेलं' हा शब्द मात्र मला जास्त बोचला. येशूनं सांगितलेल्या उडाऊ मुलाच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. धाकटा सगळं उधळून घरी परतला म्हणून बापानं मेजवानी दिली, आणि थोरला रागानं दाराबाहेरच थांबला. इतकी वर्षं मी राबतो आहे, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर आनंद करायला मला कधी एक करडूही दिलं नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. त्याच्या राबण्यात खोट नव्हती. पण त्यानं प्रत्येक दिवस मनातल्या वहीत मांडून ठेवला होता, म्हणून घरातून येणारं गाणंबजावणं त्याच्या कानाला टोचलं. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. येशूनं ती गोष्ट तिथेच सोडून दिली आहे. थोरला आत गेला की नाही, आपल्याला कळत नाही. सणाच्या संध्याकाळी तुम्ही जिथे बसून रडत होतात, ती जागा मला त्या दाराबाहेरची वाटते.

ती जागा माझ्या ओळखीची आहे. पंचविशीत असताना मी एकदा सात दिवसांचा कडक उपास केला होता. त्या आठवड्यात माझी आजी आजारी होती आणि तिला भरवायचं काम माझ्याकडे होतं. भूक मारून मारून मी इतकी कडवट झाले होते की तिनं घास तोंडातून बाहेर काढला की मी फटकन बोलायचे. सात दिवस पुरे झाले याचं मला समाधान वाटलं होतं. त्या आठवड्याचं खरं माप काय होतं, ते आजी गेल्यावर कळलं. उपासानं मला देवाच्या जवळ नेलं नाही, कारण तो मी देवाकडे बघत केलाच नव्हता. मी दिवस मोजत होते.

बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सातवा अध्याय मी त्यानंतर अनेकदा वाचला. पर्शियाच्या दारयावेश राजाचं चौथं वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी 518. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून यहुदी लोक परतले आहेत, पाडलेलं मंदिर पुन्हा उभं राहतं आहे. मंदिर पाडलं गेलं त्या पाचव्या महिन्यात लोक सत्तर वर्षं शोक आणि उपास करत आले आहेत. आता मंदिर होतच आहे, तर उपास चालू ठेवायचा का, असं विचारायला काही जण येतात. तुमच्यासारखाच सरळ प्रश्न. देव हो किंवा नाही म्हणत नाही, तो उलट विचारतो : ही सत्तर वर्षं तुम्ही उपास केलात, तो खरोखर माझ्यासाठी केलात का? आणि लगेच पुढे : तुम्ही खाता-पिता, तेही स्वतःसाठीच खाता-पिता ना?

उपासाला आणि जेवणाला एकच प्रश्न. कोणासाठी? उपास पवित्र आणि जेवण ऐहिक, अशी वाटणी देवानं तिथे केलेलीच नाही. दोन्ही त्याच्यासाठी होऊ शकतात, दोन्ही स्वतःसाठी होऊ शकतात. पुढे त्याच प्रकरणात न्यायानं वागा, दया करा, विधवा, पोरकी मुलं, परदेशी आणि गरीब यांना छळू नका, असं तो सांगतो. आणि आठव्या अध्यायात अभिवचन येतं की चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याचे हे उपास आनंदाचे सण होतील. उपासाचा शेवट काय, तर सण. त्याला जायचंच तिकडे असतं.

तुम्ही विचारलंत, उपास खरा की मेजवानी. येशूलाही असंच विचारलं होतं. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिष्य आणि नियमशास्त्र काटेकोर पाळणारे परूशी उपास करत होते, येशूचे शिष्य मात्र जेवत होते. त्याचं उत्तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे : वर, म्हणजे नवरदेव, बरोबर आहे तोवर वऱ्हाडी उपास करतील का? पण वर त्यांच्यापासून काढून घेतला जाईल असे दिवस येतील, तेव्हा ते उपास करतील.

इथे वर म्हणजे तो स्वतः. हे उत्तर मला नियमापेक्षा घरातलं वाटतं. घरचं माणूस लांबून यायचं असलं की आपण ताटं झाकून ठेवतो. 'येऊ दे, मग बसू' म्हणतो. भूक लागलेली असते, पण घास उतरत नाही. त्याला कुणी तपश्चर्या म्हणत नाही, आणि दुसऱ्या दिवशी 'मी तुझ्यासाठी तीन तास उपाशी होते' असा हिशोबही कुणी मांडत नाही. मांडलाच तर समजावं, काहीतरी बिनसलं आहे. ते माणूस दारात आलं की मात्र न जेवणं हा त्याचा अपमान ठरेल. ख्रिस्ती उपासाचा गाभा मला या झाकलेल्या ताटात दिसतो. ख्रिस्त आला आहे म्हणून आपण जेवतो, ख्रिस्त यायचा आहे म्हणून आपण थांबतो. दोन्ही एकाच वेळी खरं असल्यामुळे आपल्या वर्षात दोन्ही आहेत.

आणि तोही थांबला आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणाला की देवाच्या राज्यात नवा द्राक्षारस पिईन त्या दिवसापर्यंत मी द्राक्षवेलाचा हा उपज पुन्हा पिणार नाही. आपण वराची वाट बघतो हे आपल्याला माहीत असतं. वरानंही आपल्यासाठी पेला बाजूला ठेवला आहे, हे आपण विसरतो.

उपवास या शब्दाची मूळ फोडही इथे आठवते. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. शब्द संस्कृतातून आला, ख्रिस्ती लोकांनी तो घडवला नाही, पण मला तो मार्काच्या त्या अध्यायाला अगदी लागू वाटतो. जवळ राहण्यासाठी केलेली गोष्ट जर आपल्याला घरातल्या प्रत्येकापासून लांब नेत असेल, तर कुठेतरी वाट चुकली आहे.

चर्चनं दिवस कसे मोजले तेही बघा, कारण तुम्ही चाळीस हा आकडा मनाशी घट्ट धरला आहे. पश्चिमेकडच्या परंपरेत राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंतचे दिवस मोजलेत तर ते 46 भरतात. मग चाळीस कसे? मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, आणि त्या दिवशी उपास नाही, हे फार जुनं आहे. चौथ्या शतकात गंग्रा इथल्या धर्मसभेनं वैराग्याच्या नावाखाली रविवारी उपास करणाऱ्यांचा कडक शब्दांत निषेध केला होता. मांस खाणाऱ्यांना तुच्छ लेखणाऱ्यांचाही केला. म्हणजे ऐन प्रायश्चित्तकाळातही दर सात दिवसांनी ताट उघडायचं असतं. ताई, तुम्ही त्या सहा रविवारी जेवलात का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, नसाल.

उपासाचे दिवस चाळीस, आणि त्यानंतरचा सण पन्नासाव्या दिवसापर्यंत, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत चालतो. 325 साली निकिया इथे भरलेल्या सभेनं तर या पन्नास दिवसांत आणि रविवारी गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करावी असं ठरवलं. आपल्यापैकी बहुतेकांचा उपास चाळीस दिवस चालतो आणि सण एका दुपारी आटोपतो. चर्चनं सणाला दहा दिवस जास्त दिले आहेत. तुम्हाला जे 'एका दुपारी घालवलं' असं वाटलं त्याचं एक कारण हे असेल की त्या दुपारनंतरचे एकोणपन्नास दिवस तुमच्या हिशोबातच नव्हते.

मेजवानीबद्दल आपण फार कमी बोलतो. उपासाचं तंत्र सगळ्यांना शिकवलं जातं, मेजवानी आपोआप जमते असं समजतात. ती आपोआप जमत नाही, हे तुम्ही अनुभवलंत.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक नियमशास्त्राचं वाचन ऐकून रडायला लागतात. आपल्याला किती चुकलं हे त्यांना पहिल्यांदाच नीट कळलेलं असतं. अशा वेळी कुणालाही वाटेल, आता उपास जाहीर होणार. होतं उलटंच. त्यांना सांगितलं जातं की हा दिवस पवित्र आहे, रडू नका. जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही शिजलेलं नाही त्यांच्याकडे वाटा पाठवा. परमेश्वराचा आनंद हाच तुमचं बळ आहे. रडणाऱ्या माणसाला जेवायची आज्ञा होते. तुमच्या त्या संध्याकाळी हा अध्याय तुमच्यासमोर उघडा असता तर किती बरं झालं असतं.

येशूची निंदा करणारे त्याला खादाड आणि दारूबाज म्हणत, हे मत्तयानं लपवलेलं नाही. रानात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्याच माणसाला ते हे म्हणत होते. काना गावच्या लग्नात दगडी रांजण सहा होते, एकेकात साधारण 80 ते 120 लिटर मावेल एवढे, आणि त्यानं ते पाण्यानं भरायला सांगितले. नोकरांनी ते काठोकाठ भरले, आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. पुनरुत्थान झाल्यावर घाबरलेल्या शिष्यांमध्ये उभं राहून त्यानं काय विचारलं? तुमच्याकडे इथे काही खायला आहे का? भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांनी दिला आणि तो त्यांच्यादेखत जेवला. मेलेला माणूस जिवंत झाला याची खूण म्हणून त्यानं जेवण निवडलं. सणाच्या दिवशी तुम्ही घास घेतलात तेव्हा तुम्ही तीच खूण पुन्हा करत होतात. त्यात घालवण्यासारखं काही नव्हतं.

योहान ख्रिसोस्तोम या प्राचीन बिशपच्या नावानं चालत आलेलं एक छोटं प्रवचन पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दर वर्षी पुनरुत्थानाच्या रात्री वाचतात. हे चर्च उपासाच्या बाबतीत फार शिस्तीचं आहे, बुधवार-शुक्रवार तर जवळजवळ वर्षभर पाळतात. तरी त्या रात्री तिथे सांगितलं जातं की ज्यांनी उपास केला आणि ज्यांनी केला नाही, दोघांनीही आज आनंद करा. मेज भरलेलं आहे, सगळे मनसोक्त जेवा, कुणी उपाशी परत जाऊ नये. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पहिल्याइतकीच मजुरी, त्या दाखल्याचाच धागा त्यात आहे. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा थोडा रागच आला होता. मग माझ्या चाळीस दिवसांचं काय? तो राग ओसरायला काही वर्षं गेली. आता वाटतं, उपास करणाऱ्याला मिळणारं बक्षीस हेच की उपास न केलेल्याच्या शेजारी बसून त्याला आनंदानं जेवता यावं.

म्हणजे आपण सासूबाईंपर्यंत आलोच.

त्या म्हणतात त्यात सत्य आहे. तारण कृपेनं आहे. 1522 साली झुरिकमध्ये काही जणांनी उपासकाळात मुद्दाम मांस खाल्लं आणि तिथल्या झ्विंग्ली या धर्मोपदेशकानं त्यांची बाजू घेऊन प्रवचन केलं, तिथून त्या शहरातल्या धर्मसुधारणेला जोर आला. अन्नाच्या नियमांनी माणसाची सदसद्विवेकबुद्धी बांधू नये, हा त्यांचा मुद्दा पौलाच्या पत्रांतून सरळ येतो. पण सासूबाईंना हेही कळू द्या की त्याच सुधारणेतल्या ल्यूथरनं 1529 च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत, प्रभुभोजनाआधी उपास करून शरीराची तयारी करणं ही चांगली बाह्य शिस्त आहे, असं लिहिलं, आणि खरी पात्रता विश्वासात आहे हेही लगेच जोडलं. तुमच्या दोघींचं म्हणणं त्या एका वाक्यात मावतं.

तुमच्यासारखीच अडचण मोनिकाला आली होती, संत ऑगस्टीनच्या आईला. मुलाच्या मागोमाग ती मिलानला आली. तिथल्या चर्चमध्ये शनिवारी उपास करत नव्हते, आणि तिच्या सवयीप्रमाणे करावा की नाही हे तिला कळेना. ऑगस्टीननं बिशप अँब्रोजला विचारलं. अँब्रोजनं सांगितलं, मी रोमला जातो तेव्हा शनिवारी उपास करतो, इथे असतो तेव्हा करत नाही. ज्या चर्चमध्ये तुम्ही जाल तिथली रीत पाळा, म्हणजे तुमच्यामुळे कुणाला ठेच लागणार नाही आणि इतरांमुळे तुम्हालाही नाही. ऑगस्टीननं हे आईला सांगितलं आणि तिनं ते आनंदानं मान्य केलं. मोनिका काही ढिली बाई नव्हती. तिची श्रद्धा तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम होती, म्हणूनच तिला हे सोपं गेलं.

तुम्ही तुमचा नेम कायमचा सोडावा असं मी म्हणत नाही. पौल रोमकरांना लिहितो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. खाणारा प्रभूसाठी खातो, न खाणाराही प्रभूसाठीच खात नाही. त्या घरात दोन्हींना जागा आहे. पण त्या शुक्रवारी तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे. चुकलंच.

येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं, उपास कराल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. भरल्या पंक्तीत रिकामं ताट हे न धुतलेलं तोंड आहे. तुमचा हेतू दाखवायचा नव्हता, मला खात्री आहे. तरी ते ताट प्रत्येकाशी बोलत होतं, आणि सासूबाईंना त्यानं काय सांगितलं असेल ते बघा : तुमच्या मुलाच्या आनंदात मी नाही.

योहान कॅसियननं चौथ्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळवंटातल्या मठवासीयांना भेटून जे लिहून ठेवलं, त्यात एक आठवण आहे. एका वृद्ध तपस्व्याकडे तो गेला, तर त्यानं रोजचा उपास सोडून पाहुण्यांसाठी जेवण मांडलं. असं का, म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, उपास तर नेहमीच माझ्याजवळ आहे, तुम्हाला मात्र मी थोड्याच वेळात निरोप देणार. उपास उपयोगी आहे, पण तो माझ्या इच्छेचा भाग आहे. प्रेम करणं ही आज्ञा आहे. तुमच्या रूपात ख्रिस्त आला आहे, त्याला मी जेवू घातलं पाहिजे. तुम्ही गेलात की मी माझी कसर भरून काढीन. आणि मग त्यानं तेच वराचं आणि वऱ्हाड्यांचं वचन म्हणून दाखवलं.

जन्मभर वाळवंटात राहिलेल्या माणसाला उपास बाजूला ठेवताना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. त्याचा उपास इतका पक्का होता की तो सोडून त्याला पाहुण्याकडे जाता येत होतं. तुम्हाला त्या शुक्रवारी उठता आलं नाही, कारण तुमच्या मते एक दिवस गेला की बेरीज चुकणार होती. उपासानं माणूस मोकळा व्हायला हवा. जिथे तो बांधून ठेवतो, तिथे तो आपला मालक झालेला असतो.

दिराच्या जेवणात तुम्ही काय करायला हवं होतं? जेवायला. सगळ्यांसारखं, वाढलेलं सगळं, आग्रह झाला तर आणखी थोडं. शनिवारी सकाळी पुन्हा उपास सुरू. कुणाला काही कळलंही नसतं, आणि येशूला नेमकं तेच हवं होतं.

पुढच्या वर्षी लेक ठीक असली, डॉक्टरांची हरकत नसली, तर उपास जरूर करा. मला तुमचा उपास आवडतो. मला फक्त त्यात एक गोष्ट हवी आहे जी तुमच्या पत्रात कुठेच आली नाही : वाचलेलं अन्न कुठे गेलं? येशूनं दानधर्म, प्रार्थना आणि उपास एकाच दमात सांगितले आहेत. दुसऱ्या शतकात अथेन्सच्या अरिस्तिदेसनं रोमी सम्राटाला ख्रिस्ती लोकांची ओळख करून देताना लिहिलं की त्यांच्यात कुणी गरजू असला आणि त्यांच्याकडे द्यायला जास्तीचं काही नसलं, तर ते दोन-तीन दिवस उपास करतात आणि ते अन्न त्याला देतात. त्याच्या आधी यशयानं अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास सांगितला, त्यात भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, हेच आहे. एक वेळचं जेवण सोडलंत तर त्याचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी ताटात घाला. मग उपास तुमच्या वहीत जमाच होणार नाही. ज्याची किंमत दुसऱ्यानं खाल्ली, ती कमाई मांडणार कुठे?

रविवारी जेवा. भुकेच्या वेळी प्रार्थना करा, थोडी का होईना. नुसतं न जेवणं म्हणजे फक्त न जेवणं. आणि कुणावर चिडलात तर त्या दिवशी उपास थांबवून आधी त्या माणसाकडे जा.

हे उत्तर तुमच्या हाती पडेल तेव्हा ते पन्नास दिवस संपलेले नसतील. सण अजून चालू आहे. त्या शुक्रवारी सासूबाईंनी मुलासाठी काय काय केलं होतं ते तुम्ही चाखलंच नाहीत. त्यांच्याकडे जा, माफी मागा, फार समजावत बसू नका, आणि ते सगळं पुन्हा करायचं का म्हणून विचारा. चिरायला, निवडायला तुम्ही बसा. लेकीलाही बोलवा, जेवायच्या अटीवर नाही, नुसतं जवळ बसायला. दिराला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला निरोप धाडा, आणि ज्यांच्या घरी त्या दिवशी काही शिजणार नाही असं कुणी तुम्हाला माहीत असेल, तर त्यांनाही. ताट पुढे आलं की सासूबाईंना वाढू द्या.

तुमची,
सदरलेखिका